विसात तीस

कमळा शिरधनकर मूळच्या हेदवीच्या. लग्न होऊन रत्नागिरीत आल्या तेव्हा नवरा, भिकाजी, मालवाहू बोटीवर होता आणि वर्षाचे बहुतेक महिने समुद्रावर असायचा. घरात बसून खाडीकडे डोळे लावणं कमळाबाईंना जमण्यातलं नव्हतं. त्या मुंबईला बहिणीकडे राहून टायपिंग शिकल्या, दोन जुनी मशिनं घेऊन परतल्या आणि राम आळीच्या मागच्या अंगाला एका शिंप्याच्या दुकानावर माडी भाड्याने घेऊन क्लास काढला. पुढे दोनाची बारा मशिनं झाली. सकाळी सातला जो खडखडाट सुरू व्हायचा तो संध्याकाळी दिवेलागणीला थांबायचा. रत्नागिरीतल्या कचेऱ्यांमध्ये, कोर्टात, खेडजवळच्या लोट्याच्या कारखान्यांत त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं होती आणि ती सगळी त्यांना रस्त्यात भेटली की हातातली पिशवी खाली ठेवून नमस्कार करायची.

अठ्ठ्याऐंशी साली कमळाबाईंनी पन्नाशी ओलांडली होती आणि भिकाजी निवृत्त होऊन घरी आले होते. त्याच वर्षी गावात बातमी पसरली की मारुती मंदिराच्या बाजूला कोणी बाहेरगावचे लोक कॉम्प्युटरचा क्लास काढतायत. बाईंच्या क्लासात तुळसा पिलणकर नावाची मुलगी होती. मांडवीहून चालत यायची. हात असा की बोटं दिसायची नाहीत. ती एक दिवस मशिनवर कापड घालता घालता म्हणाली, "बाई, आपल्याकडे नाही का हो येणार कॉम्प्युटर?"

"का गं?"

"नाही, वडील म्हणतात, टायपिंगचे दिवस गेले. पुढच्या महिन्यापासून तिकडेच जा म्हणतात."

त्या दिवशी बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. कॉम्प्युटर घ्यायचा हे मनाशी ठरायला फार वेळ लागला नाही. अडचण दुसरीच होती. कॉम्प्युटर एक आणि मुली चाळीस. एकीने बसायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून बघायचं, याला क्लास म्हणत नाहीत. दोन घ्यायची ऐपत नव्हती.

ही अडचण सोडवली रघू खातूने. रघू त्यांचा जुना विद्यार्थी, तिशीचा झालेला, लोट्याच्या एका रसायन कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होता. गणपतीला घरी आला तेव्हा पाया पडायला आला आणि बाईंचं म्हणणं ऐकून म्हणाला, "बाई, तुम्ही युनिक्स घ्या."

"ही कुठली कंपनी?"

"कंपनी नाही. कॉम्प्युटर एकच घ्यायचा, पण त्याच्यावर नेहमीची डॉस प्रणाली न घालता युनिक्स घालायचं. मग त्याला वायरी जोडून चार पडदे आणि चार कीबोर्ड लावता येतात. चौघी जणी एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येकीला वाटतं, मशीन आपलं एकटीचंच आहे."

बाईंना हे इतकं सोयीचं वाटलं की खरं असेल असं वाटेना. पण रघू थापा मारणाऱ्यांतला नव्हता. त्यांनी मुंबईच्या एका विक्रेत्याला कळवलं. तिकडून विचारणा आली की यंत्र देऊ, युनिक्सही देऊ, पण डिस्क केवढी हवी? वीस मेगाबाइट, चाळीस की ऐंशी?

इथून बाईंचा गोंधळ सुरू झाला, आणि तो पुढे वर्षभर पुरला.

टाइपरायटर घेताना असले प्रश्न नसायचे. कागद घालायचा, अर्धं पान बडवून बघायचं, गाडा नीट सरकतो का, अक्षर ओळीत पडतं का बघायचं, की झालं. ही डिस्क मात्र पेटीच्या आत बसते, दिसत नाही, तिच्यावर आपण टाइप करत नाही आणि तरी तिच्यावाचून काही होत नाही. बाईंनी एक दिवस क्लास तुळसावर सोपवला आणि एसटीने लोटे गाठलं.

कंपनीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर रघू भेटला. सकाळची पाळी सुटत होती, कंपनीच्या बसेस भरून चालल्या होत्या, वाऱ्याला तो नेहमीचा उग्र वास होता. रघूने बाकावर दोन ग्लास मांडले.

"बाई, हे टेबल समजा," तो बाकावर थाप मारून म्हणाला. "ही मेमरी. काम इथे चालतं. डिस्क म्हणजे मागचं कपाट. चौघींचं काम टेबलावर एकदम मावलं नाही, तर युनिक्स एकीचं उचलून कपाटात ठेवतं आणि दुसरीचं काढतं. तिची पाळी आली की पुन्हा अदलाबदल. म्हणून कपाटात एक कप्पा त्याच्यासाठी रिकामा सोडावा लागतो."

"रिकामा म्हणजे वापरायचा नाही?"

"वापरायचा, पण आपण नाही. ते वापरतं."

"बरं. आणि उरलेलं कपाट आपलं?"

"नाही, त्यात आधी युनिक्स स्वतः राहतं. त्याचंच बिऱ्हाड मोठं आहे. मग उरेल ते आपलं."

"मग विसातलं आपल्याला किती राहील?"

रघूने डोकं खाजवलं. "ते काय काय घालतो त्यावर आहे. पण फार नाही राहणार. तुम्ही चाळीस घ्या."

"ऐंशी का नको?"

"ऐंशी घेतलीत तर चांगलंच. पण तिला पेटीत जोडायचं कार्ड वेगळं लागतं. आणि नुसतं मोठेपण बघून चालत नाही बाई, चपळ किती आहे तेही बघायला हवं. काही डिस्का मोठ्या असून सुस्त असतात."

परतीच्या एसटीत बाईंनी हे सगळं मनात पुन्हा लावून पाहिलं. टेबल, कपाट, रिकामा कप्पा जो रिकामा नाही, मोठी पण सुस्त. हातखंब्याच्या फाट्यापर्यंत येईतो त्यातलं निम्मं उलटसुलट झालं होतं.

घरी भिकाजी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगो, बोटीचं पण तसंच आसतं. ग्रॉस टनेज वेगळं नि नेट वेगळं. कागदावर बोट भली मोठी, पण इंजिन हाय, कोळसा-तेल हाय, खलाशांच्या खोल्या हायत. मालाला जागा ऱ्हाते ती निराळी."

"मग हा मुंबईवाला वीस म्हणतो ते ग्रॉस की नेट?"

भिकाजींचा अडकित्ता थांबला. "ते काय मला म्हाईत?"

"मग उपयोग काय तुमच्या बोटीचा?"

"नाय, सांगितलं आपलं," असं म्हणून त्यांनी पुढची सुपारी घेतली.

दिवाळीनंतर त्या विक्रेत्याचा माणूस रत्नागिरीत आला. सखाराम त्याचं नाव. गळ्यात टाय, बोलायला गोड, आणि घामाने हैराण. माडीवर पंख्याखाली बसून त्याने आधी पाणी मागितलं आणि मग बाईंना विचारलं, "मॅडम, तुम्हाला युनिक्स कशाला हवं? डॉस घ्या. विसाची डिस्क डॉसला भरपूर होते."

"मला चौघी बसवायच्या आहेत."

"मग युनिक्सच हवं," तो लगेच म्हणाला. "डॉसला तसंही बत्तीस मेगाबाइटच्या पुढचं एकसंध दिसत नाही."

"म्हणजे? समोर असून दिसत नाही?"

"नाही दिसत. तुकडे करून द्यावे लागतात. युनिक्सचं तसं नाही."

बाईंनी चाळिसाची विचारली. सखारामने चाळिसाची सध्या मिळत नाही, मिळेल तेव्हा मिळेल, असं सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "मी तुम्हाला एक सांगतो. डिस्क विसाचीच घ्या. आम्ही तिला वेगळं कार्ड लावून देतो. त्या कार्डाने विसात तीस मावतात."

"विसात तीस कसे मावतील?"

"दाबून लिहितो, मॅडम. डिस्क तीच, पण अक्षरं जवळ जवळ. तुम्ही नाही का कागद वाचवायला सिंगल स्पेसमध्ये टाइप करत?"

गेले कित्येक आठवडे बाई प्रत्येक उत्तरानंतर आणखी खोल पाण्यात जात होत्या. हे पहिलं वाक्य असं होतं की ते ऐकल्याबरोबर कळलं. दुहेरी ओळींच्या पानावर जेवढं मावतं त्याच्या दुप्पट एकेरीत मावतं, यात शंका कसली? रघूला विचारावं असं एकदा मनात आलं. पण सारखं सारखं आपल्याच विद्यार्थ्याला विचारायला जायचं, त्याने समजवायचं आणि आपण मान हलवत परत यायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता. एकदा तरी आपलं आपण समजून काही ठरवावं असं त्यांना फार वाटत होतं. त्या म्हणाल्या, "द्या मग तीच."

संक्रांतीच्या सुमाराला खोकी आली. माडीवरचे चार टाइपरायटर एका भिंतीला सरकवून चार पडदे मांडले गेले. रघू रविवारी आला आणि एकामागून एक फ्लॉप्या घालत बसला. युनिक्स यायचं ते फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यातून. एक संपली की पडद्यावर दुसरी मागायचं. मधे एकदा त्याने पेटी उघडून आत पाहिलं, कार्डावरचं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"काय रे?"

"नाही, काही नाही. चालेल," रघू म्हणाला.

चाललं. पहिल्या दिवशी तुळसा आणि आणखी तिघी बसल्या तेव्हा बाकीच्या मुली जिन्यापर्यंत दाटल्या होत्या. शिंपीही गळ्यात टेप तसाच ठेवून वर येऊन उभा राहिला. आवाज म्हणून नव्हता. एवढ्या वर्षांत त्या माडीवर चौघी टाइप करतायत आणि खडखडाट नाही असं झालं नव्हतं. बाईंना ते जरा चुकल्या चुकल्यासारखं वाटलं, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. मांडवीच्या पिलणकरांनी मुलीला तिकडच्या क्लासात घालायचा विचार सोडून दिला. नव्या मुलीही आल्या.

पण थोड्याच दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट होऊ लागली. एक मुलगी बसली की सगळं ठीक. दोघी बसल्या तरी ठीक. चौघी बसल्या की पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा, आतून कुरकुर ऐकू यायची आणि पडदे थिजायचे. तुळसा एक अख्खी ओळ टाइप करून हात मांडीवर घेऊन बसायची आणि मग ती अक्षरं, पाहुणे एसटीतून उतरावेत तशी, एक एक करून पडद्यावर यायची. वेगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला याहून वाईट काय? चुकलं की बरोबर आलं हे तिला कळायच्या आत ती दोन ओळी पुढे गेलेली असायची.

बाई पडद्यांकडे बघत राहायच्या. रघूने सांगितलेली ती अदलाबदल हीच असावी, असा त्यांचा अंदाज होता. पण ती बिघडल्यामुळे अशी होते की ती अशीच असते, हे कुणाला विचारायचं?

मग चैत्रात एके दुपारी वीज गेली. ती तशी जायचीच. वीज आल्यावर बाईंनी यंत्र चालू केलं तर नेहमीसारखं नाव विचारायच्या ऐवजी त्याने भलतंच काही इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. अमुक क्रमांकाची फाइल कुणाच्याच मालकीची दिसत नाही, काढून टाकू? बाईंनी ते दोनदा वाचलं. कुणाच्या मालकीची नाही म्हणजे काय? क्लास आपला, यंत्र आपलं. आता होय म्हटलं तर काहीतरी जाईल, आणि नाही म्हटलं तर यंत्र पुढेच सरकत नाही. तोवर मुली जिन्यावर येऊन थांबल्या होत्या. बाईंनी होय म्हटलं. लगेच पुढचा प्रश्न आला, मग त्याच्या पुढचा. बाई होय, होय, होय करत गेल्या.

यंत्र चालू झालं. तुळसाने आपलं नाव घातलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, माझी पत्रं नाहीत."

परीक्षेसाठी तिने महिनाभर बसवलेली सगळी पत्रं आणि तक्ते गेले होते. आणखी दोघींचंही काही काही गेलं होतं. तुळसा रडली नाही. ती उठून एका जुन्या टाइपरायटरवर जाऊन बसली आणि कागद घालून खडखडा टाइप करू लागली. त्याचं बाईंना जास्त लागलं.

रघू आला. त्याने शोधून शोधून काही तुकडे परत मिळवले, त्यांची नावं जाऊन नुसते आकडे राहिले होते. तो म्हणाला, डिस्कवर जागोजाग वाचता येत नाहीत असे भाग वाढलेत.

"कशाने?"

"विजेमुळे असेल. उकाड्यानेही होतं. नाहीतर येताना घाटात हादरे बसले असतील. किंवा…" तो थांबला.

"किंवा काय? बोल."

"किंवा ते कार्ड. काही विसाच्या डिस्का तसं दाबून लिहिलेलं सोसतात, काही नाही सोसत. ही सोसणाऱ्यातली आहे का, ते मला त्याच दिवशी विचारावंसं वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

रघू म्हणाला, "मला खात्री नव्हती, बाई. आमच्या कंपनीतली डिस्क मुंबईच्या हापिसाने ठरवली. मी नुसतं वाचलंय. तुम्ही मला विचारता म्हणून मी सांगतो, पण मलाही सगळं कुठे कळतं?"

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. पण झालं उलटंच, त्यांच्या मनावरचं ओझं थोडं उतरलं. एवढे दिवस त्या समजत होत्या की हे सगळ्यांना कळतं आणि आपल्यालाच कळत नाही. रघूला निम्मं कळत होतं, सखारामला विकण्यापुरतं, आणि भिकाजींना बोटीपुरतं.

त्या आठवड्यात त्या मुंबईला गेल्या. जाताना ती डिस्क आणि ते कार्ड पातळात गुंडाळून पिशवीत घेतलं. विक्रेत्याचं दुकान ग्रँट रोडच्या बाजूला पहिल्या मजल्यावर होतं. सखाराम त्यांना बघून उभाच राहिला.

"मॅडम, विजेचा प्रॉब्लेम असणार तुमच्याकडे."

"असेल. मला ते ठरवता येत नाही. तुम्हाला येतं?"

त्यालाही येत नव्हतं. आतून इंजिनियर आला. त्याने डिस्क लावून पाहिली आणि सरळपणे सांगितलं की ही या कार्डावर चालवायला नको होती, पण बिघाड त्यानेच झाला असं छातीठोक म्हणता येणार नाही. डिस्क आणि कार्ड दोन्ही बदलून देऊ, आणि पेटीत मेमरीही वाढवायला हवी. आता चाळिसाच्या आल्यात, दोन प्रकारच्या. वरची रक्कम तेवढी द्यावी लागेल. मग तो दोन्हींमधला फरक सांगू लागला. एकीत आतला हात पायरीपायरीने सरकतो, दुसरीत सपकन जातो.

बाईंनी त्याला मधेच थांबवलं. "हे मला कळणार नाही, आणि कळलं असं वाटलं की घोटाळा होतो. तुमच्याकडे चार पडदे आहेत ना? लावा. मी बसते, आणखी तिघांना बसवा. आधी एक डिस्क लावा, मग दुसरी."

"त्याला सबंध दिवस जाईल, मॅडम."

"माझी बहीण गिरगावात राहते. मला घाई नाही."

सखारामने इंजिनियरकडे पाहिलं, इंजिनियरने मालकांच्या खोलीकडे. पण खुर्चीत पदर खोचून बसलेल्या त्या बाईंना उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पडदे जोडले गेले. सखाराम, हिशेब लिहिणारा कारकून आणि एक ऑपरेटर मुलगी तीन कीबोर्डांवर बसले, चौथ्यावर बाई. त्यांनी डोळे मिटून परीक्षेतलं एक जुनं सरकारी पत्र टाइप करायला घेतलं आणि मधेच डोळे उघडून त्या बघत होत्या, अक्षर बोटांबरोबर येतं की मागून. पहिल्या डिस्कवर अक्षरं दोनदा अडखळली. दुसरी लावायला दुपार टळली. दुसरीवर अक्षरं बोटांखालूनच निघाल्यासारखी येत राहिली. सखारामची दोन बोटं दमली तरी बाईंचे हात चालूच होते.

"ही," त्या म्हणाल्या.

"ही किंचित महाग आहे."

"ही," त्या पुन्हा म्हणाल्या. "आणि पेटीत मेमरीही वाढवायला हवी म्हणत होतात ना मघाशी? तीही द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या निघाल्या. डिस्क कापसात गुंडाळून खोक्यात घातली होती आणि ते खोकं त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही. इंजिनियरने सांगितलं होतं की आतलं हेड पार्क केलंय, पण धक्का लावू नका. पार्क केलंय म्हणजे कुठे नेऊन ठेवलंय, हे विचारायचं राहूनच गेलं. कशेडी घाटाच्या वळणांवर त्या दोन्ही हातांनी खोकं अधांतरी धरून बसल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "देव आहेत काय?"

"नाही हो. मशीनचा भाग आहे."

"मग माझ्याकडे द्या थोडा वेळ, हात दुखतील तुमचे." आणि खेडपर्यंत त्या अनोळखी बाईने ते धरलं.

नवी डिस्क रघूने बसवली. चौघी बसल्या, लाल दिवा लुकलुकला, पण पडदे थिजले नाहीत. तुळसा पहिल्या दिवशी टाइपरायटरवरून उठायला तयार नव्हती. बाईंनी तिला काही समजावलं नाही. तिची गेलेली पत्रं त्यांनी स्वतः, क्लास सुटल्यावर रोज थोडी थोडी, पुन्हा टाइप करून ठेवली. तुळसाने ती एक दिवस उघडून पाहिली, त्यातली एक चूक दाखवली, आणि मग तिथेच बसून पुढे टाइप करू लागली.

ती परीक्षा पास झाली आणि दुसऱ्या वर्षी लोट्याला नोकरीला लागली. क्लासच्या पाटीवर बाईंनी टायपिंगच्या खाली कॉम्प्युटर असं रंगवून घेतलं. वीज गेली की यंत्र अजूनही तेच प्रश्न विचारायचं. बाई खुर्ची ओढून बसायच्या, प्रत्येक प्रश्न पुरता वाचायच्या आणि फारसा न कळताच उत्तर द्यायच्या. नशिबाने त्यानंतर मोठं काही गेलं नाही. पहिली डिस्क नक्की कशाने बिघडली, विजेने, उकाड्याने, घाटाने की दाबून लिहिण्याने, ते मात्र कधीच कुणाला सांगता आलं नाही. भिकाजींचं मत घाटाचं होतं.

नवी डिस्क बसवली त्याच वर्षी गणपतीला रघू आला तेव्हा म्हणाला, "बाई, सगळं चांगलं चाललंय. आता फक्त डिस्कवरचं दुसरीकडे उतरवून ठेवायची सोय करा. फ्लॉप्यांवर नाही पुरणार, टेप घ्या."

"घेऊ की. कसली टेप?"

"त्यात दोन-तीन प्रकार आहेत," रघू म्हणाला.

बाईंनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मग आत वळून त्यांनी भिकाजींना चहाचं आधण ठेवायला सांगितलं आणि रघूला म्हणाल्या, "बस. सावकाश सांग."